संगीचा काटा हिरव्यावर जायचा

आमच्या घरात सकाळ इंग्रजीत व्हायची. आई बंबात काटक्या सारत असायची, परसात कोंबड्या एकमेकींवर धावून जात असायच्या आणि पुढच्या अंगणात नववी-दहावीची पोरं पोत्यांवर मांडी घालून एका सुरात म्हणत असायची, "आय गो, यू गो, ही गोज." त्या 'गोज'वर सगळ्यांचा आवाज चढायचा, कारण शेवटचा 'ज' खायचा नाही असं दादांनी बजावलेलं असायचं. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण तिची सकाळ त्या पाठांतरावर चालायची. "पास्ट टेन्स लागला, ऊठ आता," असं म्हणून ती माझं पांघरूण ओढायची. फ्यूचर टेन्सपर्यंत पहिली भाकरी तव्यावर पडलेली असायची. घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी जनावरांचे टेम्पो आमच्या दारावरून जायचे आणि म्हशींचं हंबरणं 'शाल' आणि 'विल'मध्ये मिसळायचं. दादा तेवढ्यापुरते थांबायचे आणि टेम्पो गेला की जिथं सोडलं त्याच शब्दापासून पुढे धरायचे.

दादा म्हणजे माझे वडील. गावच्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवायचे. साळवे सर म्हटलं की घोडेगावपर्यंत कुणीही घर दाखवलं असतं. आमच्या वस्तीत इंग्रजी येणारा पहिला माणूस तेच. ज्या घरांच्या ओसरीवर माझ्या आजोबांना पाय ठेवता आला नव्हता, त्या घरची पोरं आमच्या अंगणात पोत्यावर बसून माझ्या वडिलांच्या मागून शब्द म्हणत होती. दादा हे कधी बोलून दाखवत नसत. पण बुद्धवंदना झाली, पांढरा शर्ट चढवला आणि ते अंगणात आले की त्यांची मान जरा वेगळीच असायची. हे इंग्रजी त्यांनी वसतिगृहाच्या दिव्याखाली, पानं निसटलेल्या एका व्याकरणाच्या पुस्तकातून मिळवलं होतं. कुणाच्या तोंडून ऐकायची सोयच नव्हती. ते इंग्रजी डोळ्यांनी शिकले, कानांनी नाही. आज हे मला एका वाक्यात लिहिता येतं. तेव्हा ते कळायला मला एक सबंध पावसाळा लागला.

मी त्यांची एकुलती एक. दादा अंघोळीला गेले की डिक्टेशन मी घालायची. माझ्यापेक्षा मोठी मुलंसुद्धा माझ्या तोंडाकडं बघत वहीत लिहायची, आणि मी त्यांच्यासारखीच हात मागे बांधून फेऱ्या मारायची. स्पेलिंग माझं कधी चुकलं नाही. दादांच्या नंतर या गावात इंग्रजी कुणाचं, तर माझं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

कोंबड्यांच्या खुराड्याजवळच्या पोत्यावर संगी बसायची. माझ्याच वर्गातली. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला कोल्हापूरकडं जायचे आणि ही चुलतीकडं राहायची. इंग्रजीत ती काठावर पास व्हायची, तेही दादांच्या दयेनं. पण तिच्या गळ्यात काहीतरी होतं. एसटीचा कंडक्टर, बाजारातला दलाल, खोकून बोलणारे हेडसर, रेडकापासून तुटलेली म्हैस, ज्याचा म्हणाल त्याचा आवाज ती हुबेहूब काढायची. आई तिला मुद्दाम थांबवून घ्यायची. "संगे, दलाल कर गं," म्हणायची आणि पदरानं डोळे पुसेपर्यंत हसायची. मग तिच्यापुढं ताट यायचं. आजोबांना ओसरी बंद असलेल्या घरांतलंच संगीचं घर; ती आमच्याकडं जेवते हे तिच्या आईला ठाऊक होतं, फक्त त्यावर कुणी बोलायचं नाही असं दोन्ही घरांत न सांगता ठरलेलं होतं. मलाही संगी आवडायची. ती माझी वही बघून लिहायची, मग का नाही आवडणार?

आम्ही नववीत असताना शाळेत कॉम्प्युटर आला. शिर्डीला लॉज काढून बरकतीला आलेले बाजीरावशेठ आमच्याच शाळेचे जुने विद्यार्थी. त्यांनी तो दिला. टेम्पोतून खोकी उतरली, हळदीकुंकू झालं, नारळ फुटला, आणि शेठ बोलायला उभे राहिले. "साळवे सरांनी मला चार वर्सं ग्रामर शिकवलं," ते म्हणाले. "ॲक्टिव्हचं पॅसिव्ह मी आजबी करून दावीन. पन माझ्या लॉजवर पयला फॉरेनर आला आन त्यानं इचारलं, गरम पानी हाय का, तवा माझं तोंड उघडलं न्हाई. म्हनून हे मशीन. हे बोलाया शिकवतंय."

सगळी शाळा हसली. दादा सगळ्यांच्या आधी हसले, आणि सगळ्यांत मोठ्यांदा.

त्या संध्याकाळी आईनं त्यांच्या आवडीचे शेंगोळे केले होते. हुलग्याच्या पिठाचे, लसणाची सढळ फोडणी घातलेले. दादा ताटावर बसले, पण हात चालेना. शेंगोळे सगळा रस्सा पिऊन फुगून बसले. आई म्हणाली, "शेठ चेष्टेनं बोलले हो."

"चेष्टेत माणूस खरं तेच बोलतो," दादा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

प्रयोगशाळेची अर्धी खोली गुलाबी पडदे लावून कॉम्प्युटरला दिली होती. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन यायचं. शिकवायला केडगावहून गायकवाड मॅडम एसटीनं यायच्या. वयानं लहान, पावडरचा वास येणाऱ्या, आणि कुणावरही न ओरडणाऱ्या. त्या एक चकचकीत तबकडी मशीनमध्ये सरकवायच्या आणि पडद्यावर एका गोऱ्या बाईचे नुसते ओठ यायचे. ती एक शब्द म्हणायची. आपण कानाला हेडफोन लावून, तोंडापुढच्या माईकमध्ये तोच शब्द म्हणायचा. मग पडद्यावरचा काटा हलायचा, किराणा दुकानातल्या वजनकाट्यासारखा. तांबडा, पिवळा, हिरवा. शब्द बाईसारखा जमला तर हिरवा, आणि वर टिंग असा आवाज. शेवटी मशीन आपलाच आवाज आपल्याला परत ऐकवायचं.

पहिला नंबर माझा लागला. साळवे सरांची मुलगी म्हणून मॅडमनी मलाच बोलावलं. शब्द होता बुधवार. बाई म्हणाली, "वेन्झडे." मी ठणकावून म्हटलं, "वेड-नेस-डे." काटा तांबड्यातच थरथरला. पुन्हा म्हटलं. पुन्हा तांबडा. मग हेडफोनमधून माझा आवाज आला, आणि क्षणभर मला वाटलं, दादा बोलतायत. आवाज मुलीचाच होता, बारीक, पण चाल त्यांची होती. तो 'नेस'वरचा जोर, शेवटाला दिलेली ती ठाम थाप, सगळं अंगणातलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला बाहेरून ऐकलं आणि ऐकले ते माझे वडील, तांबड्यात अडकलेले.

माझ्यानंतर दोघं-तिघं झाले. मग संगी बसली. हेडफोन तिच्या वेणीत अडकला, मॅडमनी सोडवून दिला. बाई म्हणाली, "व्हेज्टबल." संगीनं मान जराशी वाकडी केली, कंडक्टरची नक्कल करताना करायची तशी, आणि म्हणाली, "व्हेज्टबल." टिंग. काटा हिरव्यात जाऊन चिकटून बसला. पुढचा शब्द. टिंग. त्याच्या पुढचा. टिंग. मॅडमनी शेजारच्या वर्गावरच्या सरांना बोलावून आणलं. संगी ओठांच्या चित्राकडं बघून म्हणाली, "मॅडम, हिला आवडलं वाटतं."

घरी येताना तिनं मला विचारलं, "प्रज्ञे, व्हेज्टबल म्हंजी काय गं?"

"भाजी."

"येवढंच व्हय? मला वाटलं, लई मोठं कायतरी आसंल."

मला चालता चालता रडू यायला लागलं, आणि तेही तिच्यासमोर दाखवायचं नव्हतं म्हणून मी चपलेचा अंगठा तुटल्याचं सोंग करून मागे राहिले. अर्थ मला माहीत होता. स्पेलिंग मला येत होतं. वाक्यात उपयोग कर म्हटलं असतं तर मी दहा वाक्यं लिहून दिली असती. आणि टिंग तिला मिळालं होतं.

त्यानंतरचे दिवस मी मत्सरात काढले. मत्सर हा शब्द पुस्तकी आहे. आमच्याकडं 'पोटात दुखणं' म्हणतात आणि ते जास्त खरं आहे, कारण मला ते खरोखर पोटात जाणवायचं, बेंबीच्या वर. शाळा सुटल्यावर मॅडम संगीला थांबवून घेऊ लागल्या, कारण खालच्या वर्गांना दाखवायला तिचा आवाज हवा असायचा. ती आता माऊस धरायची. तबकडी घालायची-काढायची. वीज गेली आणि खोलीतलं बॅटरीचं डबडं पीं पीं करून ओरडायला लागलं, की माझ्या जिवाला थंडावा वाटायचा. शाळेत लाईट गेल्याचा एवढा आनंद दुसऱ्या कुणाला झाला नसेल. घरी, आई पाणी आणायला गेली, की मी मोरीतल्या रिकाम्या रांजणात तोंड घालून शब्द म्हणायची. रांजणात आवाज घुमून परत यायचा. तेवढंच माझं मशीन. "कम्फ्टबल," मी रांजणाला सांगायची, आणि रांजण मला सांगायचा, "कम-फर-टे-बल." निदान मला तसं ऐकू यायचं.

आज मीही इंग्रजीच शिकवते. माझ्या वर्गात भिंतीएवढा पडदा आहे, आणि पोरांना उच्चार हवा असला तर ती माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत, खिशातल्या मोबाईलला विचारतात. त्याचं मला काही वाटत नाही. मशीनचा हेवा मला तेव्हाही वाटला नव्हता. हेवा माणसांचाच वाटतो.

एकदा दादा वर्गात धडा वाचत होते. कपड्यांसाठीचा शब्द आला. दादांनी नेहमीसारखा वाचला, "क्लोथेस." मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, क्लोझ. मशीन क्लोझ म्हनतंय." वर्ग खुसखुसला. दादांनी पुस्तक मिटलं, पण पानात बोट तसंच ठेवलं. मी मान खाली घातली. संगीनंही घातली होती, अगदी बाकाला नाक लागेपर्यंत. ती काहीच बोलली नव्हती, तरी मला राग तिचाच आला.

"मशीन बरोबर असेल," दादा म्हणाले. "पुढचं वाक्य."

नंतर दादा शाळेतून उशिरा येऊ लागले. परीक्षेचं काम असेल असं मी धरून चालले. एका शनिवारी सकाळची शाळा सुटली, मी घरी आले, तरी ते आले नव्हते. आईनं डबा बांधून दिला आणि मला परत पाठवलं. शाळा ओस होती. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर दादांच्या चपला होत्या, मॅडमचे सँडल होते आणि संगीच्या स्लीपर होत्या. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. मॅडम कोपऱ्यात पेपर तपासत बसल्या होत्या. विद्यार्थ्यांच्या स्टुलावर दादा बसले होते, डोक्यावर हेडफोन, पांढऱ्या शर्टाची बाही वर सारलेली. शेजारी उभी राहून संगी माऊस धरत होती.

"वेडन्सडे," दादा म्हणाले.

"न्हाई सर. 'ड' गिळायचा. दूध प्याल्यावानी. वेन्झडे."

"वेन्स... डे."

"आता पिवळ्यावर आला! आजून जरासं, सर."

दादांनी पुन्हा म्हटलं आणि ते पार भलतंच झालं, काहीतरी बेडकासारखं. त्यावर दादा हसले. मान मागे टाकून, पोट हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. संगीही हसली. घरात मी दादांचं हसू पाहिलं होतं, पण हे नव्हतं पाहिलं. स्वतःला हसणारे दादा मला माहीतच नव्हते. डबा चपलांच्या शेजारी ठेवून मी परत फिरले. शाळेच्या फाटकापर्यंत ते हसणं माझ्या मागं येत राहिलं. संगीचा काटा हिरव्यावर जातो, जाऊ दे. संगीला माऊस मिळतो, मिळू दे. पण हे तिला कसं मिळालं? हे तर माझं होतं, मला कधी दिलंच गेलं नसलं तरी.

संध्याकाळी दादा अंगणात सायकलची चेन बसवत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही संगीकडून शिकता?"

दादांनी वर पाहिलं नाही. "हो."

"मला का नाही विचारलं?"

चेन बसली होती, तरी ते पायडल फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाळ, तिच्यासमोर चुकलो तर ती घरी गेली की संपलं. तू तर इथंच असतेस."

ते मला पटलं. पोटातलं दुखणं मात्र तसूभर कमी झालं नाही.

दसरा झाला आणि संगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिची चुलतीही यंदा तोडीला चालली होती, त्यामुळे संगीला मागं ठेवायला घरच उरलं नव्हतं. शिवाय ती आता हाताशी आली होती, मोळ्या वाहायला उपयोगाची. हे कळलं तेव्हा, लपवण्यात अर्थ नाही, माझ्या मनात पहिला विचार आला तो मोकळ्या झालेल्या माऊसचा. पण संध्याकाळी दादांनी शर्ट चढवला, आईनं पदर खोचला आणि मलाही चल म्हणाले.

संगीच्या दारात भांडी पोत्यात भरून ठेवली होती. तिचे वडील कोयत्याला धार लावत होते. दादांनी विषय काढला तसे ते म्हणाले, "सर, तुमी म्हनता ते खरं आसंल. पन पाचटात इंग्रजी कुनासंगं बोलायची हिनं? आन मागं ठिवू कुनाजवळ? वयाची पोर हाय."

"तिचं राहू द्या," दादा म्हणाले. "नुकसान माझं होईल. मी तिच्याकडं शिकतो."

कोयता दगडावर थांबला. संगीचे वडील दादांकडं बघत राहिले, थट्टा आहे का ते शोधत. मग आई पुढं झाली आणि संगीच्या आईला म्हणाली, "आमच्याकडं राहील. प्रज्ञाशेजारी झोपंल."

संगीच्या आईनं दाराबाहेर, गल्लीकडं पाहिलं. "राहायला? लोक काय म्हन्तील, वयनी?"

"जेवती तवा कुठं काय म्हणले?" आई म्हणाली.

मी मनात म्हणत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. संगीच्या आईनं पोत्यातून एक परकर आणि एक झंपर बाहेर काढला, झटकला आणि घडी घालून संगीच्या हातात दिला. ट्रक पहाटे गेला, तेव्हा संगी आमच्या घरात, माझ्या गोधडीत होती. ती तोंडावर पांघरूण घेऊन रडत होती, आणि मी माझी अर्धी गोधडी गेली म्हणून जागी होते.

आता सगळंच वाटून घ्यायचं होतं. आईची तव्यावरची पहिली भाकरी एक दिवस मला, एक दिवस तिला. खुराड्याजवळचं पोतं उचलून तिनं माझ्या पोत्याला लावलं. अंगणात डिक्टेशन मी घालायची आणि उच्चार ती सांगायची, असं दादांनी ठरवून टाकलं. दादांचं गुपित आता तिच्याबरोबर तिच्या घरी जाऊ शकत नव्हतं, कारण तिचं घरच आमचं झालं होतं. चारेक दिवस दादा घरात इंग्रजी बोललेच नाहीत. मग एका संध्याकाळी, आम्ही चुलीपुढं जेवायला बसलेलो असताना, ते सहज बोलावं तसं आईला म्हणाले, "संगीला गोधडी पुरते का? आर यू कम-फर-टे-बल, संगी?"

संगीच्या तोंडात भाकरीचा मोठा घास होता. ती हातानंच खुणा करायला लागली. आणि मी म्हणाले, "दादा, कम्फ्टबल. 'फर' म्हणायचाच नाही."

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. दादांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, चुलीच्या उजेडातही मला ते दिसलं. मला वाटलं, आता ते उठणार आणि हात धुणार.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

"कम्फ्टबल."

"कम्फ... टे..."

"टे नाही, दादा. ट. हलकाच."

दादांनी म्हणून बघितलं आणि ते इतकं वाईट जमलं की आधी ते स्वतः हसले. मान मागे टाकून, पोट हलवत. तांब्यातलं पाणी हिंदकळलं. संगीनं घाईघाईनं घास गिळला. "सर, मी सांगते, त्यात कसं हाय म्हायतीय का..."

"थांब गं," दादा म्हणाले. "तिला सांगू दे."

संगीनं मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा न खाता नुसता कुस्करायला लागली. तिच्या डोळ्यांत काय आहे ते मला वर बघायच्या आधीच कळलं होतं. ते दुखणं कुठं होतं, बेंबीच्या किती वर होतं, हे मला बोट ठेवून दाखवता आलं असतं. तिच्याबद्दल मला वाईट वाटायला हवं होतं, निदान त्या वेळी तरी. पण मला कधी नव्हे एवढी भूक लागली होती.

"आई," मी म्हणाले, "अजून एक भाकरी वाढ."